यादीतली नावे आणि पैशाची वाट

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि ४० जवान मारले गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले होते. एक मलकापूरचे, दुसरे लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे. म्हणजे आमच्या वऱ्हाडातले. हल्ल्याची जबाबदारी जैश-ए-महंमदने घेतली. अडीच महिन्यांनी, १ मे २०१९ रोजी, या संघटनेचा संस्थापक मसूद अझहर याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत गेले. आपल्याकडे तो भारतीय मुत्सद्देगिरीचा मोठा विजय मानला गेला आणि त्यामागे अनेक वर्षांची चिकाटी होती, हे खरेच आहे. पण नाव यादीत गेल्यावर पुढे काय झाले, हे विचारणारे लेखन मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तेच विचारण्यासाठी हा लेख आहे.

मी अर्थशास्त्राचा किंवा कायद्याचा रीतसर विद्यार्थी नाही. अमरावतीत बसून सुरक्षा परिषदेचे ठराव, वित्तीय संस्थांचे अहवाल आणि खटल्यांचे वृत्तांत वाचत आलो आहे. ही कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. ती एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. माणसाच्या नावावर घातलेला निर्बंध तो माणूस ज्या देशात राहतो त्या सरकारच्या मर्जीपलीकडे जात नाही. त्या सरकारच्या स्वतःच्या पैशाला झळ पोचली तरच काही हालचाल होते. आपण मात्र यश मोजतो ते नावांवर.

यादी चालते कशी

१५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १२६७ संमत केला. सुरुवातीला तो तालिबानपुरता होता, पुढे अल-कायदा आणि तिच्याशी संबंधित लोकांपर्यंत वाढला. आज यादीत नाव आले की तीन गोष्टी होतात : मालमत्ता गोठवली जाते, परदेश प्रवासावर बंदी येते आणि शस्त्रे पुरवण्यास मनाई होते. अमेरिकेवरील हल्ल्यानंतर २८ सप्टेंबर २००१ रोजी ठराव १३७३ आला आणि दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवण्याचे बंधन सर्वच देशांवर आले.

यादीचा निर्णय परिषदेच्या १५ सदस्यांची समिती घेते आणि तो सर्वसंमतीने घ्यावा लागतो. एका सदस्यानेही हात आडवा केला तर प्रस्ताव थांबतो. जैश ही संघटना ऑक्टोबर २००१मध्येच यादीत गेली होती, तिचा संस्थापक मात्र साडेसतरा वर्षे बाहेर राहिला. भारताचे प्रस्ताव २००९पासून अडत गेले. २०१६, २०१७ आणि मार्च २०१९मध्ये चीनने आडकाठी घातली. शेवटी नाव गेले तेव्हा दिलेल्या कारणांत पुलवामाचा उल्लेख नव्हता. सर्वांची संमती मिळवायची तर मजकूर पातळ करावा लागतो. ज्या हल्ल्यामुळे प्रस्तावाला जोर आला, तोच कागदावरून गळला.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला फरार आरोपी, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला दाऊद इब्राहिम, नोव्हेंबर २००३पासून या यादीत आहे. त्याच्या नोंदीत कराचीतले पत्ते छापलेले आहेत. २०१६मध्ये समितीने पत्ते तपासले, तीन चुकीचे ठरवून काढले आणि बाकीचे ठेवले. ऑगस्ट २०२०मध्ये पाकिस्तानच्या सरकारी अधिसूचनेत त्याचे नाव कराचीच्या पत्त्यासह आले आणि काही दिवसांतच तो आपल्या भूमीवर असल्याचा पाकिस्तानने इन्कार केला. पत्ता छापील आहे, पण त्या दारावर थाप मारण्याचा अधिकार कोणत्याही आंतरराष्ट्रीय समितीला नाही.

पैसा किती लागतो

निर्बंधांची सगळी रचना एका समजुतीवर उभी आहे : पैसा बँकेतून जातो आणि जाताना नावाशी जुळतो. प्रत्यक्षात काय दिसते ते पाहू.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांचे सूत्रधारांशी बोलणे इंटरनेटवरच्या फोन खात्यातून चालू होते. ते खाते सुरू ठेवण्यासाठी हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून २२९ डॉलर पाठवले गेले. पाठवणाऱ्याचे म्हणून जे नाव लिहिले होते, तो माणूस इटलीत कधी गेलाच नव्हता, असे इटालियन पोलिसांना पुढे आढळले. उसन्या नावावर एवढीशी रक्कम गेली, तर जगातली कोणती यादी ती अडवणार? हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला आयएसआयच्या अधिकाऱ्याकडून सुमारे २५,००० डॉलर मिळाल्याचे अमेरिकी न्यायालयातल्या त्याच्या कबुलीत आहे. १६६ बळी घेणाऱ्या कटाच्या मानाने या रकमा किरकोळ आहेत.

पुलवामाचे चित्र वेगळे आहे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. राष्ट्रीय तपास संस्थेने ऑगस्ट २०२०मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्राच्या वृत्तांतांनुसार हल्ल्याचा खर्च पावणेसहा लाख रुपयांच्या आसपास होता, आणि मसूद अझहरचा पुतण्या उमर फारूक याच्या पाकिस्तानी बँकांमधल्या खात्यांत त्यासाठी पैसे जमा झाले होते. म्हणजे इथे हवाला नव्हता, सरळ बँकच होती. संघटना १७ वर्षांपासून यादीत, तिच्या प्रमुखाचा पुतण्या खातेदार, आणि व्यवहार सुरळीत. बँकांच्या जाळ्यात भोक होते असे म्हणता येत नाही. ज्याच्या हातात जाळे होते, त्याला ते ओढायचेच नव्हते.

आणखी एक वाट आपल्या विदर्भातली आहे. गडचिरोलीत माओवाद्यांनी तेंदूपत्ता ठेकेदारांकडून वर्षानुवर्षे खंडणी वसूल केली. हा पैसा जंगलात, रोखीने फिरतो. न्यूयॉर्कच्या समितीला किंवा पॅरिसच्या सचिवालयाला त्याचा वास लागत नाही. तिथे उपयोगी पडते ते स्थानिक पोलिसांचे काम आणि तेंदूपत्त्याचा पारदर्शक लिलाव.

करड्या यादीने काय केले

नावांच्या यादीपेक्षा वेगळी अशी दुसरी एक यादी आहे. १९८९मध्ये पॅरिसच्या जी-७ परिषदेत फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ, स्थापन झाली. तेव्हा डोळ्यांपुढे अमली पदार्थांचा पैसा होता. दहशतवादाचा पैसा २००१नंतर तिच्या कक्षेत आला. भारत २०१०मध्ये तिचा सदस्य झाला. ही संस्था माणसांची नव्हे, देशांची पाहणी करते. ज्यांची व्यवस्था कच्ची आहे, ते देश ‘करड्या यादीत’ जातात. मग परदेशी बँका त्या देशाशी व्यवहार करताना अधिक कागद मागतात, कर्ज महाग होते, गुंतवणूकदार बिचकतात.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. हाफिज सईद आणि जमात-उद-दावा यांची नावे १० डिसेंबर २००८ रोजी, मुंबई हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांत, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेली. त्यानंतर दहा वर्षे सईद जाहीर सभा घेत होता. जून २०१८मध्ये पाकिस्तान करड्या यादीत गेला. मार्च २०१९मध्ये जमात-उद-दावावर तिथे रीतसर बंदी आली. फेब्रुवारी २०२०मध्ये सईदला दहशतवादी वित्तपुरवठ्याच्या गुन्ह्यात साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२१मध्ये झकी-उर-रहमान लखवीला शिक्षा झाली. ज्याला पाकिस्तानने कधी मृत म्हटले होते, तो मुंबई हल्ल्यातला साजिद मीर २०२२मध्ये तुरुंगात गेला. ऑक्टोबर २०२२मध्ये, ३४ कलमी कृती आराखडा पूर्ण झाल्याचे मान्य होऊन, पाकिस्तान करड्या यादीतून सुटला.

दहा वर्षांत नावांच्या यादीने जे झाले नाही, ते चार वर्षांत देशांच्या यादीने झाले. मात्र करडी यादी म्हणजेही रामबाण नाही. पुलवामा घडले तेव्हा पाकिस्तान आठ महिन्यांपासून त्या यादीत होताच. शिवाय हे खटले पैसे पुरवल्याचे होते, मुंबईतल्या हत्यांचे नव्हते. मूळ गुन्ह्याला हात न लावता हिशेबाच्या गुन्ह्यात शिक्षा देण्याची सोयही या रचनेतच आहे. तरीही झळ कुठे लागते, हे या तारखांतून स्वच्छ दिसते.

भार कोणावर पडतो

या व्यवस्थेचे दुसरे टोक आपल्या गावात आहे. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात २००८मध्ये कलम ५१-अ आले. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या नावांशी खातेदारांची नावे ताडून पाहणे प्रत्येक बँकेला बंधनकारक आहे. अकोल्याच्या नागरी सहकारी बँकेतल्या कारकुनालाही ते चुकत नाही. यादीतली नावे अरबी-उर्दू वळणाची आणि रोमन लिपीत नाना तऱ्हांनी लिहिलेली. बाळापूर, कारंजा, अचलपूर इथे त्याच नावांचे शेकडो शेतकरी, विणकर, दुकानदार आहेत. संगणकाने नाव जुळवले तर आपण ‘तो’ नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या खातेदारावर येते. पाकिस्तानातल्या खातेदाराला जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो बाळापुरात विचारला जाऊ शकतो.

सेवाभावी संस्थांचेही तसेच. गाडगेबाबांच्या आणि तपोवनाच्या अमरावतीला संस्था म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते काढावे लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. एफएटीएफचा स्वतःचा आग्रह मात्र सरसकट बंधनांचा नाही; जिथे धोका आहे तिथेच उपाय करा, असा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या मूल्यमापनात ४० शिफारशींपैकी ३७ बाबतींत भारताला चांगली श्रेणी मिळाली. ज्या तिनांत ती अर्धवट ठरली, त्यांतली एक सेवाभावी संस्थांबाबतची आहे. दहशतवादी वित्तपुरवठ्याच्या खटल्यांना लागणाऱ्या विलंबावरही त्या अहवालाने बोट ठेवले. आपल्याकडे बातमी झाली ती पहिल्या भागाची.

इथे जुन्या वऱ्हाडची आठवण उपयोगी पडते. अमरावती, अकोला, खामगावचा कापूस मुंबईला जात असे तेव्हा पैसा हुंडीवर फिरत असे. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांची स्थानिक रीत बाजूला सारली नाही, ती तशीच राहू दिली. हुंडी चालायची ती पेढीच्या पतीवर, आणि पत गेलेल्या पेढीची हुंडी बाजार स्वीकारत नसे. दंड सहीवाल्या गुमास्त्याला नव्हे, पेढीला बसायचा. आजच्या निर्बंधांना हे व्यापारी शहाणपण लावले, तर ‘पेढी’ म्हणजे सरकार.

मोजायचे काय

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. सुरक्षा परिषदेने निषेधाचे निवेदन काढले, पण त्यात ‘द रेझिस्टन्स फ्रंट’चे नाव नव्हते. पाकिस्तान तेव्हा परिषदेचा सदस्य होता. ९ मे रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला. जूनमध्ये एफएटीएफने, पैसा आणि तो हलवण्याची साधने असल्याशिवाय असा हल्ला शक्य नसतो, असे म्हटले. जुलैच्या तिच्या अहवालात पुलवामासाठी स्फोटकातला एक घटक ऑनलाइन खरेदी केल्याचा दाखला आहे आणि काही सरकारांच्या पाठबळाचाही उल्लेख आहे. याच जुलैमध्ये अमेरिकेने ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना घोषित केले आणि आपल्याकडे पुन्हा नावाचा विजय साजरा झाला.

माझे म्हणणे यादी नको असे नाही. यादीमुळे नोंद राहते, आणि नोंदीशिवाय पुढचा दबाव उभा राहत नाही. पण नाव गेले, एवढ्यावर मुत्सद्देगिरीला शाबासकी देणे थांबवायला हवे. तीन प्रश्न दरवर्षी संसदेत विचारले जावेत. यादीत गेलेल्या प्रत्येक नावावर त्या देशात कोणता खटला उभा राहिला? करड्या यादीतून सुटताना दिलेल्या वचनांपैकी कोणती मोडली, आणि ती एफएटीएफपुढे भारताने केव्हा मांडली? आणि देशांतर्गत बंधनांमुळे किती निर्दोष खाती व किती संस्था अडल्या, त्यांतून प्रत्यक्ष गुन्हे किती निघाले?

मलकापूर आणि चोरपांगऱ्याच्या घरांना मसूद अझहरचे नाव कोणत्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्यावर पुलवामाचा खटला चालावा, एवढेच त्यांचे मागणे असू शकते. त्या खटल्याच्या दिशेने एक पाऊल पडले का, हे या सगळ्या कागदपत्रांत मी शोधले. तसे पाऊल अजून दिसलेले नाही.