कलिंगयुद्धाची स्मृती : शिला आणि ग्रंथ

कलिंगयुद्धाचा उल्लेख आपल्या व्याख्यानांतून नेहमी होतो. परंतु त्याची स्मृती कोणत्या साधनांनी आपणापर्यंत पोहोचविली, याची चिकित्सा क्वचितच होते. ती येथे थोडक्यात करावयाची आहे.

मुख्य साधन म्हणजे अशोकाचा तेरावा शिलालेख. अभिषेकास आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले. १,५०,००० माणसे धरून नेली, १,००,००० मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मेली, असे राजा स्वतः सांगतो. जे वाचले त्यांना आप्तस्नेह्यांच्या आपत्तीमुळे होणारे दुःखही तो नोंदवितो. विजेत्याने शत्रुपक्षाच्या मृतांची अशी गणती करणे असामान्य होय. तथापि याच लेखात अटवीवासीयांना राजाच्या सामर्थ्याची जाणीवही दिलेली आहे, हे विसरता कामा नये. शिवाय हा लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथे आहे, ग्रीक भाषेत कंदाहार येथेही आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे मात्र तो नाही. तेथे अकरा ते तेरा हे लेख वगळून दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत आणि त्यांत राजा सर्व मनुष्यांना आपली अपत्ये म्हणतो. जेथे घाव बसला, तेथेच शिला मौन धरते. कलिंगातील माणसाने सांगितलेली स्वतःची कहाणी तर कोठेच उरलेली नाही.

आता ग्रंथ पाहू. दीपवंस व महावंस या पाली इतिवृत्तांत कलिंगयुद्ध नाहीच. तेथे अशोकाच्या धम्मप्रवेशाचे निमित्त निग्रोध सामणेर आहे. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली नसती, तर हा पश्चात्ताप आपणांस अज्ञातच राहिला असता.

याउलट महावंसाच्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणीचे युद्ध सविस्तर येते. युद्धानंतर तोही खिन्न होतो. तेव्हा आठ अर्हत त्याचे सांत्वन करतात की, दीडच मनुष्य मारला गेला : एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील स्वीकारलेला. उरलेले पशुसमान! इतिवृत्तकाराचे हे गणित आम्हांस धम्मविरोधी वाटते. संयुत्तनिकायातील सङ्गामसुत्तात पसेनदी व अजातसत्तु यांच्या युद्धाच्या निमित्ताने भगवंतांनी जय वैर वाढवितो आणि पराजित दुःखात राहतो, असे सांगितले आहे. तेथे पराजिताची श्रद्धा विचारलेली नाही.

ग्रंथ पाली भाषेत आहे एवढ्याने तो प्रमाण ठरत नाही. युद्धस्मृतीची कसोटी एकच : तिच्यात हरलेला मनुष्य म्हणून मोजला आहे काय? ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके मनुष्यांच्या गणतीत धरले गेले नाही, त्या आपण वाचकांनी तरी दीड मनुष्याचा हा हिशेब निमूटपणे मान्य करू नये.