शेजारी नसलेला श्रोता

ज्ञानाच्या वाटेवर या देशाने जे अडसर घातले, त्यांत कानावरचा अडसर फार जुना आहे. वेद मुखोद्गत होते. ते म्हटले जात आणि ऐकले जात. म्हणून बंदीही प्रथम कानावर आली. वेदपठण मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत तापलेले कथील वा लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्राने सांगितली आहे. ती प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली हा वेगळा प्रश्न. परंतु ऐकणे हा अधिकार आहे आणि तो कोणाला द्यायचा हे बोलणारा ठरवतो, एवढे त्या सूत्रातून स्वच्छ दिसते. तेव्हा श्रवणाचा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ करमणुकीचा कधीच नव्हता. कोण बोलतो, कोणासाठी बोलतो आणि कोणाला काय ठाऊक आहे असे गृहीत धरून बोलतो, हे तिन्ही सामाजिक सत्तेचे प्रश्न आहेत. मराठीत श्राव्य माध्यमाचे नवे पर्व सुरू झाले असताना ते पुन्हा विचारणे भाग आहे.

हे नवे माध्यम म्हणजे पॉडकास्ट. इंटरनेटवरून, आपल्या सवडीने, फोनवर ऐकता येणारी बोलक्या कार्यक्रमांची मालिका, असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द २००४ साली लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकात प्रथम छापला गेला. २०१६ नंतर आपल्याकडे मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि ही मालिका खेड्यांतही पोचली. तिला नभोवाणी केंद्राचा परवाना लागत नाही, संपादकाची संमती लागत नाही, छापखान्याचे बिल भरावे लागत नाही. एक फोन आणि बोलण्यासारखे काही असले की पुरे. ज्यांना प्रस्थापित माध्यमांनी दाराबाहेर ठेवले त्यांनी हे माध्यम आपले मानावे, इतके ते मोकळे दिसते. दिसते, असे मी जाणूनबुजून म्हणतो.

आमचे ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले गाव, विदर्भाच्या टोकाचे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. कापूस वेचून आलेल्या बाया संध्याकाळी ओट्यावर टेकतात, तेव्हा एकदा मी फोनवर एक मराठी पॉडकास्ट लावला. विषय होता शहरात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे जीवन. शेजारच्या मावशींनी उमेदीची काही वर्षे शहरात भांडी घासण्यात घालवलेली. त्यांना हे आपलेसे वाटेल असा माझा कयास होता. कार्यक्रम सुरू झाला. दोघे जण एकमेकांना टोपणनावाने हाका मारीत होते. मागच्या कुठल्यातरी भागातल्या विनोदाची आठवण निघाली, दोघे मनमुराद हसले. मग एका इंग्रजी पुस्तकाचा उल्लेख झाला, ते ‘आपण सगळ्यांनी वाचलेलेच आहे’ असे सांगण्यात आले. पाच मिनिटे उलटली तरी घरकाम करणारी बाई काही आली नाही. मावशींनी शांतपणे विचारले, “हे आपसात बोलून राह्यले का बापू? मंग आपल्याले काहून आयकू देऊन राह्यले?”

मराठी पॉडकास्टची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. मावशींची तक्रार भाषा अवघड असल्याची नव्हती. त्या दोघांचे मराठी सोपेच होते. तक्रार अशी होती की बोलणाऱ्यांनी आपले वर्तुळ आधीच पूर्ण करून घेतले आहे आणि बाकीच्यांना त्या वर्तुळाच्या बाहेर उभे राहून ऐकण्याची परवानगी दिली आहे. दिवाणखान्यातल्या गप्पा अंगणात उभे राहून ऐकण्याचा अनुभव आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगला परिचयाचा आहे. तेथेही कोणी ‘ऐकू नका’ म्हणत नसे. ‘आत या’ असेही कोणी म्हणत नसे, इतकेच.

याच्या उलट परंपरा आपल्याच जवळ आहे. जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ या १८५५ च्या नाटकात जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. मध्ये मध्ये विदूषक येतो आणि जोश्याचा कावा उघड करून सांगतो. समीक्षकांनी या विदूषकाकडे उपरोधाचे साधन म्हणून पाहिले आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ज्याने आयुष्यात कधी नाटक पाहिले नाही अशा प्रेक्षकाच्या शेजारी जोतीरावांनी एक माणूस आणून बसवला आहे. पुढे सत्यशोधक आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी हेच काम सोंगाड्याकडे दिले. सोंगाडी अडाण्याचे सोंग घेतो आणि समोर बसलेल्यांपैकी ज्याला विचारायची लाज वाटते त्याचा प्रश्न स्वतः विचारतो. शाहीर उत्तर देतो. अज्ञान असे रंगमंचावर उघड येते आणि त्यामुळे कोणाचा पाणउतारा होत नाही. झीलकरी धृपद पुन्हा पुन्हा उचलतात; उशिरा आलेल्यालाही दोन कडव्यांत विषयाचा धागा सापडतो. फड आज या गावात, उद्या त्या गावात. म्हणून प्रत्येक रात्रीचा खेळ आपल्यापुरता पूर्ण असावा लागे. भीमराव कर्डकांनी आपल्या ‘आंबेडकरी जलसे’ या १९७८ च्या पुस्तकात या चळवळीची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तिच्याकडे केवळ इतिहास म्हणून पाहण्याचे दिवस संपले आहेत. नवख्या श्रोत्याला कसे बसवून घ्यावे याचे ते शास्त्र आहे.

‘मूकनायक’चेही तेच. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र निघाले त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, हीच त्याची वाट होती. कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचलेल्या माणसाने ऐकणाऱ्याच्या कानाचे भान ठेवले, आणि विचार तसूभरही पातळ केला नाही.

आता पूर्वीच्या श्रवणात आणि पॉडकास्टच्या श्रवणात एक मूलभूत फरक आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. जलसा हजारोंनी मिळून ऐकला. १९८० नंतर भीमगीतांच्या कॅसेटी आल्या, त्याही कर्ण्यावर लागत आणि सारी वस्ती ऐके. अशा ऐकण्यात शेजारी असतो. एखादे नाव कळले नाही तर तो कोपराने ढोसून सांगतो, मध्येच आलेल्याला मागचे दोन वाक्यांत जोडून देतो. प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांच्या गाण्यांतून जो इतिहास घरोघर गेला, तो नुसत्या गायकांनी नेला नाही. समजावून सांगणाऱ्या असंख्य अनामिक शेजाऱ्यांनी नेला. पॉडकास्ट मात्र कानात बोंडे घालून एकट्याने ऐकायचा असतो. तेथे शेजारी नाही. म्हणून शेजाऱ्याचे सगळे काम बोलणाऱ्याच्या शिरावर येते. ते त्याने केले नाही तर नवा श्रोता भांडत नाही, प्रश्न विचारत नाही. तो मुकाट्याने फोन बंद करतो. त्याचे निघून जाणे कोणाला ऐकूही येत नाही.

हा दोष पुण्यामुंबईच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण आमचेही हात स्वच्छ नाहीत. आम्ही चार जणांनी असाच एक उपक्रम सुरू केला. सहा डिसेंबरच्या निमित्ताने ध्वनिमुद्रण झाले. ‘मागील भागात आपण पाहिले’ अशी आमची सुरुवात होती, आणि पुढे ‘महाड, काळाराम, पुणे करार’ असा एका दमात उल्लेख. वस्तीतल्याच नववीतल्या मुलीने ऐकून विचारले, “दादा, काळाराम कोण होते?” तिला ते एखाद्या कार्यकर्त्याचे नाव वाटले होते. आम्ही हसलो, आणि तिने पुढे काही विचारले नाही.

त्या हसण्याचा मला आजही संकोच वाटतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सुरू झालेला सत्याग्रह हे आमच्या जाणिवेचे मर्मस्थान आहे, असे आम्ही म्हणतो. मग ‘नाशिकचे रामाचे देऊळ, तेथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता’ एवढे सांगायला दहा सेकंदही लागत नसताना ते आम्ही का सांगितले नाही? कारण आम्हालाही आत असण्याचे सुख लाभू लागले होते. नावे न उलगडता उच्चारली की बोलणाऱ्याची गणना जाणत्यांत होते. जानव्यासारखेच हेही एक चिन्ह आहे. ‘विमर्श’, ‘अवकाश’, ‘प्रतिरोध’ हे शब्द आम्ही त्याच हौसेने वापरतो. ज्या चळवळीने शब्दाची मक्तेदारी मोडली, तिच्याच वारसांनी शब्दांची नवी सोवळी विणावीत यापरती विटंबना कोणती?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. नवख्यासाठीच बोलत राहिलो तर चळवळ कायम बाराखडीवर अडकेल. ज्याने वीस वर्षे वाचन केले त्याने कोठे जावे? गंभीर विचाराला गंभीर भाषा लागते, हे मला मान्य आहे. परंतु विचाराची उंची आणि उंबरठ्याची उंची या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अण्णाभाऊ साठे यांचे शालेय शिक्षण नसल्यातच जमा होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि साम्राज्यवादापासून गिरणी मजुरापर्यंतचे राजकारण मैदानात मांडले. त्यांचा विचार हलका होता असे कोण म्हणेल? जाणत्या श्रोत्याला दहा सेकंदांचे स्पष्टीकरण जड जात नाही. नवख्याला ते न मिळणे मात्र कायमचे परतवून लावते. शिवाय माहीत असलेले नाव पुन्हा नीट उच्चारले जाते तेव्हा जाणत्यालाही त्यात काही नवे दिसते. आपल्या धृपदांचा सगळा अनुभव हाच आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण कोण, कोठून बोलतो आणि आज काय सांगणार, हे सांगावे. प्रत्येक भाग असा करावा की मागचे काही न ऐकता तो समजेल. नाव पूर्ण घ्यावे, साल सांगावे, स्थळाचा जिल्हा सांगावा. वीस-पंचवीस भाग झाले की कोठून सुरुवात करावी ते बोट धरून दाखवावे. जो इंग्रजी शब्द टळत नाही तो वापरावा, पण अर्थासह. आवाजाची फाईल हलकी ठेवावी. आमच्याकडे मोबाईलची रेंज मनात येईल तेव्हा येते. जे बोलले ते लिहूनही द्यावे, कारण ज्याला ऐकू येत नाही तोही आपलाच माणूस आहे. कानावरच्या बंदीविरुद्ध बोलताना बहिऱ्याला विसरणे आपल्याला शोभणारे नाही. वऱ्हाडी बोली केवळ नकलेसाठी आणि हशासाठी आणली जाते, ते थांबावे. त्या बोलीत दुःखही सांगता येते आणि तर्कही करता येतो.

मात्र एवढ्याने काम संपत नाही. आदरातिथ्य चांगले झाले तरी पाहुणा हा पाहुणाच राहतो. तेलंगणातील माचनूर येथे २००८ साली ‘संगम रेडिओ’ सुरू झाला तो दलित स्त्रियांच्या हातांत. छत्तीसगडमधील ‘सीजीनेट स्वर’ने २०१० पासून गोंडी बोलणाऱ्यांना साध्या फोनवरून आपली बातमी स्वतःच्या आवाजात नोंदवण्याची सोय दिली. तेथे ऐकणारा बोलणारा झाला. ‘तृतीय रत्न’च्या अखेरीस ते कुणबी जोडपे शिकायला शाळेकडे वळते, मंचावरचा फसवला गेलेला माणूस विद्यार्थी होतो. नव्या श्रोत्याचे स्वागत कशासाठी करायचे, याचे उत्तर तेथे आहे. त्याने आपले श्रोते वाढवावेत म्हणून नव्हे, तर त्याने उद्या बोलावे म्हणून.

आम्ही तो भाग पुन्हा मुद्रित केला. या वेळी नववीतल्या त्या मुलीला समोर बसवले आणि जेथे कळणार नाही तेथे अडवायला सांगितले. पहिल्या दहा मिनिटांत तिने सात वेळा अडवले. ते सातही प्रश्न आम्ही कापले नाहीत, तसेच ठेवले. ओट्यावर तो भाग लावला तेव्हा मावशींनी शेवटपर्यंत ऐकला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “ते पोरगी बरं इचारून राह्यली. मलेबी तेच इचारा वाटे.” आणि मग शहरातल्या घरात आपल्यासाठी वेगळा ठेवलेला कप होता, त्याची गोष्ट त्या सांगू लागल्या. फोन तेथेच होता. आम्ही तो चालू केला.