वहीम

गिऱ्हाइकाने जन्माची पुंजी बँकेच्या हवाली करावी आणि बँकेने पाच रुपयांचे पेनही दोरीला बांधून त्याच्या हाती द्यावे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तेव्हा अविश्वासावर चार शब्द बोलायला बी.कॉम. पुरेसे आहे.

लातूरहून नांदेडला बदलून आलो त्या महिन्यातली गोष्ट. एक आजोबा औषधासाठी पैसे काढायला आले. शिक्षण निजामाच्या राजवटीतले, म्हणजे १९४८ पूर्वीचे, उर्दू शाळेतले. सही थरथरलेली. मी स्लिप दोनदा परत केली. आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, हा तुमचा वहीम हाय. हात म्हातारा झालाय, माणूस तोच हाय." ओळखपत्र वगैरे पाहून पैसे दिले, तोवर औषधाचे दुकान दुपारपुरते बंद झाले होते.

रात्री कोश उघडला. वहीम म्हणजे संशय, शंका. झाले! कोशकारांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा ताळेबंद जुळवलेला आहे, जुळलेला नाही. मूळ अरबी 'वह्म' म्हणजे भास, मनाचा खेळ. वहमावर लुकमान हकिमाकडेही औषध नव्हते, अशी उर्दूत म्हण आहे. म्हणजे वहीम हा संशय घेणाऱ्याचा आजार! मराठीत येऊन हा शब्द कचेरीत चिकटला आणि माणसे 'वहिमावरून' पकडली जाऊ लागली. आजार एकाचा, कोठडी दुसऱ्याला.

इंग्रजांचे नेमके उलटे झाले. हॉब्जने १६५१ च्या 'लेव्हायथन'मध्ये माणसांच्या भांडणाची तीन कारणे दिली. त्यांतले एक 'डिफिडन्स', म्हणजे दुसऱ्यावरचा अविश्वास. आज त्याच शब्दाचा अर्थ बुजरेपणा, स्वतःवरचाच अविश्वास. त्यांचा शब्द शेजाऱ्याकडून स्वतःकडे आला, आमचा स्वतःकडून शेजाऱ्याकडे गेला. पूर्णा जंक्शनला क्रॉसिंग व्हावे तसे!

आता आमच्याकडे 'वहीम' फारसा कोणी म्हणत नाही. संशय मात्र भरपूर शिल्लक आहे. हरवला तो एवढाच कबुलीजबाब, की चूक कदाचित माझ्याच डोक्यात असेल.

पुढच्या महिन्यात आजोबा आले. नमुन्याची नवी सही घ्यायची म्हणून मी अदबीने दोरीचे पेन पुढे केले. त्यांनी खिशातून स्वतःचे काढले.

"राहू द्या साहेब. तुमच्या पेनाचा उगाच कुणाला वहीम यायचा."