छंदातील यंत्रमानव आणि प्रत्याभरण नियंत्रण : एक चिकित्सा

दहीहंडीच्या कल्पनेवर आधारलेली एबीयू रोबोकॉन स्पर्धा 2008 मध्ये पुण्यात झाली. यंत्रमानव बनविण्याचा छंद आज फोंडाघाटसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही परवडू शकतो. मात्र या छंदात पीआयडी नियंत्रक हा सर्व रोगांवरील एकच काढा मानला जातो आणि त्याचे स्थिरांक दुसऱ्याच्या आज्ञावलीतून उतरवून घेतले जातात. ही प्रथा तपासून पाहणे आवश्यक आहे.

या पद्धतीचे मूळ सुकाणूत आहे. निकोलस मिनॉर्स्की यांनी 1922 मध्ये जहाजांच्या स्वयंचलित दिशानियंत्रणाची मांडणी केली. मालवणचा तांडेलही होडी किती वळली एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने वळते आहे आणि वारा सतत एकाच बाजूला ढकलतो आहे काय, हेही पाहतो. प्रमाण, अवकलन आणि समाकलन ही तीन पदे म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे होत. प्रश्नच नसेल तर पद अनावश्यक ठरते.

रेषेवरून चालणाऱ्या यंत्रमानवात चाकांच्या वेगातील फरकामुळे दिशा बदलते आणि दिशेमुळे स्थान. त्यामुळे केवळ प्रमाणपद ठेवल्यास तो रेषेभोवती हेलकावे खातो. त्याला आवर घालण्यासाठी अवकलन लागते. समाकलनाची गरज दोन मोटरींच्या वेगात कायमचा फरक असेल तेव्हा भासते. ते अकारण ठेवले आणि रेषा सुटली, तर चूक साचत जाते व परतताना यंत्रमानव रेषा ओलांडून पलीकडे जातो. याउलट, वजन पेलणारी यांत्रिक भुजा केवळ प्रमाणपदावर किंचित खाली राहते. तेथे समाकलन उपयुक्त ठरते. पाणी तापविण्यासारख्या संथ क्रियेला तर साधे चालू-बंद नियंत्रणही पुरते.

झीग्लर आणि निकोल्स यांचे 1942 चे प्रसिद्ध नियम औद्योगिक प्रक्रियांसाठी होते. त्यांतून मिळणारा प्रतिसाद बराच दोलायमान असतो. ते आरंभबिंदू म्हणून घ्यावेत, अंतिम उत्तर म्हणून नव्हे. शिवाय सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारा यंत्रमानव दर 50 मिलिसेकंदांनी रेषा पाहत असेल, तर दोन वाचनांत तो 5 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. हा विलंब कोणताही स्थिरांक भरून काढू शकत नाही.

म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पाचे मूल्यमापन करताना यंत्रमानव धावला की नाही, एवढेच पाहणे अपुरे आहे. प्रत्येक पद कोणत्या चुकीसाठी घेतले, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. अन्यथा उसन्या स्थिरांकांवर मिळालेले यश बॅटरी बदलताच ओसरते आणि शिकणे मात्र राहून जाते.