खिडकीतले ऊन : कोकण रेल्वेचे प्रवासलेखन आणि हिंगोलीचा वाचक

१

मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत परदेशगमन आणि तीर्थयात्रा या दोन टोकांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे आपल्याच भाषेच्या मुलखात, साध्या गाडीने, चार दिवसांच्या सुटीत केलेल्या प्रवासाच्या लेखनाला मिळालेले नाही. हे लेखन दिवाळी अंकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत विखुरलेले असते. त्याला पुस्तकाचे पुठ्ठे क्वचितच लाभतात, आणि समीक्षेची दखल त्याहून क्वचित. परंतु एखादा प्रदेश भाषेत कसा रुजतो हे पाहायचे असेल, तर नामवंत ग्रंथांपेक्षा अशा नित्याच्या लेखनाकडे वळणे अधिक फलदायी ठरते. कारण त्यात लेखकाच्या प्रतिभेपेक्षा संकेतांचे राज्य अधिक असते.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग संपूर्ण खुला झाला आणि या लेखनाला एक स्थिर घाट मिळाला. पहाटेची जाग, खिडकीची जागा, पहिला बोगदा, बोगद्याबाहेरचा हिरवा उतार, कौलारू घर, नारळी-पोफळी, खाडी, समुद्र आणि या सर्वांवर सांडलेले सोनेरी ऊन, असा त्याचा ठरलेला क्रम आहे. या क्रमातील एक घटक मात्र खटकणारा आहे. कोकण रेल्वेच्या महाराष्ट्रातील टप्प्यात खिडकीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही.

हा मार्ग किनाऱ्याने जात नाही. सह्याद्रीचा पायथा आणि किनारा यांच्यामधल्या तुटक डोंगररांगांतून तो वाट काढतो. एकूण मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगदे नसतात तेथे अनेकदा जांभ्या दगडाच्या कापलेल्या भिंती असतात. चिपळूणला वाशिष्ठी भेटते, संगमेश्वरच्या बाजूला शास्त्री भेटते, गोव्यात मांडवी आणि झुआरी यांची रुंद पात्रे येतात आणि पुढे कर्नाटकात काळी व शरावती ओलांडताना समुद्राची चाहूल लागते. पण हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही ज्या किनाऱ्याची नावे, तो किनारा रुळांपासून दूरच राहतो. स्थानकावर उतरून पुन्हा एस.टी. किंवा रिक्षा गाठल्याखेरीज समुद्र भेटत नाही. मग प्रवासलेखातला समुद्र येतो कोठून?

२

या प्रश्नाचे उत्तर देताना खिडकीचा विचार आधी करावा लागतो. वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रेल्वेप्रवासाच्या इतिहासात असे दाखवले आहे, की आगगाडीच्या वेगाने जवळची भूमी पुसली जाते आणि प्रवाशाची नजर दूरच्या विस्तारावर स्थिरावते. भूमी त्याच्यासाठी चित्रपटासारखी उलगडत जाते, आणि तो त्या भूमीचा भाग राहत नाही. मिशेल द सेर्तो यांनी याच अनुभवाची दुसरी बाजू मांडली. गाडीतला माणूस बसलेला आणि कोंडलेला असतो. बाहेरचे जगही आपल्या जागी स्थिर असते. गती असते ती केवळ या दोन स्थिरतांमधली. या दोन्ही प्रतिपादनांत एक गृहीत समान आहे: खिडकीशी बसायला मिळालेला माणूस.

कोकणाच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. गणेशोत्सवात दिवा-सावंतवाडी गाडीच्या सर्वसाधारण डब्यात खिडकी ही दृश्याची चौकट नसते. ती वाऱ्याची वाट असते, आणि कधी सामान आत ढकलण्याचे दार. दोन बाकांच्या मधल्या जागेत उभा राहिलेला चाकरमानी बोगदा ओळखतो तो अंधारावरून आणि आवाजावरून. गाव जवळ आल्याचे त्याला फलाटावरच्या बोलीवरून कळते. त्याचा प्रवास दृश्यप्रधान नाही, श्राव्य आणि स्पर्शमय आहे. प्रवासलेखाने मात्र या डब्यातला निवेदक जवळजवळ कधीच निवडलेला नाही. २०१७ साली दादर-मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडण्यात आला, तेव्हा या लेखनाच्या निवेदकाला जणू स्वतःसाठी बांधलेली जागाच मिळाली. जी दृष्टी पूर्वी केवळ वाङ्मयीन संकेत होती, ती आता तिकिटाच्या दरात मोजता येऊ लागली.

गाड्यांची नावेदेखील एक संहिताच आहेत. कोकणकन्या या नावात प्रदेश स्त्रीरूपाने पाहुण्यापुढे येतो. मांडवीत नदी येते. दादर-सावंतवाडी गाडीला २०१७ साली तुतारी एक्स्प्रेस हे नाव मिळाले ते मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून. जुने जाळून टाकण्याची हाक देणारी कविता सुटीच्या वेळापत्रकात सामावली गेली, यातला विरोधाभास सहजी नजरेआड करण्याजोगा नाही. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये पर्यटन-मार्गदर्शिकांची जी चिकित्सा केली, तिचे सार असे, की अशा पुस्तकांत देश डोंगर आणि स्मारके यांच्यापुरताच उरतो आणि माणसे नमुन्यांत विरून जातात. कोकणविषयक सुटीलेखनात स्मारकाची जागा निसर्गाने घेतली आहे. माणसांचे विरून जाणे मात्र तसेच आहे.

३

खिडकीत नसलेला समुद्र लेखात कसा येतो, याचे एक उत्तर मागील वाङ्मयात आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’पासून (१९५२) पुढे कादंबरीने कोकणाची जी प्रतिमा घडवली, ती वाचक डब्यात बरोबर घेऊन चढतो. पण दुसरे उत्तर अधिक जुने आहे आणि ते वाहनाच्या इतिहासात आहे. रेल्वेच्या कितीतरी आधी कोकणात जाण्याचा मार्ग आगबोटीचा होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट बंदरामागून बंदर घेत दक्षिणेकडे जाई आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागत. तो प्रवासी कोकण पाहत असे ते समुद्रावरून: आधी डोंगराची रेघ, मग किल्ला, मग माड, मग माणसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाहतूक हळूहळू आटली. रेल्वे आली ती प्रदेशाच्या पाठीमागून. बोटीच्या उतारूला दिसणारा दर्शनी भाग रेल्वेच्या प्रवाशाला दिसत नाही. त्याला दिसते ते परसदार.

सुटीलेखनाने वाहन बदलले, पण दृश्य बदलले नाही. रेल्वेप्रवासाच्या लेखातला समुद्र हा बोटप्रवासाकडून वारशाने आलेला समुद्र आहे. वारसा घेताना मात्र त्यातले भय गळून पडले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या पिढीच्या बोलण्यात समुद्र हा शोभेचा विषय होऊ शकत नव्हता. सुटीलेखातला समुद्र पाण्याशिवायच्या पाण्यासारखा आहे: तो चमकतो, पण ओढत नाही.

दिशेचाही असाच उलटफेर झाला आहे. मराठी गद्य प्रवासवर्णनाच्या आरंभी उभा असलेला ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) हा ग्रंथ वरसईच्या विष्णुभट गोडशांचा. कोकणातल्या घराची ओढगस्त आणि डोक्यावरचे कर्ज त्यांना उत्तरेकडे घेऊन गेले आणि ते १८५७ च्या धामधुमीत सापडले. कोकण हे तेथे निघण्याचे ठिकाण आहे. पुढे गिरणीत, गोदीत, कचेरीत गेलेल्या चाकरमान्यांनी हीच दिशा शतकभर चालू ठेवली. सुटीलेखनात कोकण प्रथमच केवळ पोहोचण्याचे ठिकाण बनले. ज्यांनी ते सोडले त्यांच्या सोडण्याची कारणे या नव्या कथनात मावत नाहीत. म्हणून गावाकडचे बंद घर तेथे रम्य वाटते. ते बंद का आहे, हा प्रश्न लेखात शिरत नाही.

४

आता या लेखनाच्या गृहीत वाचकाऐवजी दुसरा एक वाचक कल्पावा. हिंगोलीहून समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला रेल्वे आहे ती पूर्णा-अकोला मार्गाची. ‘हिंगोली डेक्कन’ हे स्थानकाचे नाव अजूनही जुन्या निजामी मुलखाची आठवण बाळगून आहे. या मार्गावरून कधी मीटरगेजची मीनाक्षी एक्स्प्रेस काचीगुड्याहून थेट जयपूरपर्यंत जात असे. २००८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला. वसमत, हिंगोली, कनेरगाव, वाशीम अशी स्थानके घेत जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत ज्वारी, कापूस, हळद आणि बराच काळ नुसते रान असते. त्या खिडकीवर सुटीचा लेख लिहिण्याची प्रथा मराठीत नाही. प्रवास तेथेही होतो. मात्र दर्जेदार दृश्य कोणते, याचा निर्णय आधीच झालेला असतो.

या वाचकापुढे कोकण रेल्वेचा प्रवासलेख ठेवला, तर त्यातला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा शब्दच प्रथम अडखळवतो. तो शब्द म्हणजे ऊन. मराठीत उन्हाला एक अर्थ नाही. कोवळे ऊन, उन्हाची तिरीप, ऊन खात बसणे ही एक बाजू. रणरणते ऊन, उन्हाचा चटका, उन्हातान्हात राबणे ही दुसरी. सुटीलेखन पहिल्याच बाजूतून शब्द उचलते, कारण त्यातला देह सावलीत, डब्याच्या आत आहे. इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’तले (१९८९) अनुभवविश्व वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्यासारख्या गावाच्या शेतीतून आलेले आहे. त्या विश्वात ऊन हे दृश्य नसते, कामाची अट असते. तेथे ऊन पाहिले जात नाही, सोसले जाते. एकाच भाषेतला एकच शब्द दोन वाचकांना दोन ऋतूंत नेऊन सोडतो आणि प्रवासलेखकाला त्याची कल्पनाही नसते.

यावरून हिंगोलीचे ऊन खरे आणि कोकणचे ऊन खोटे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. सुटीलेखन ज्या मे महिन्याला आंबा-काजूचा आणि सोनेरी उन्हाचा महिना म्हणते, त्याच महिन्यात कोकणातल्या अनेक डोंगरवाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि बायका हंडे घेऊन चढ-उतार करतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळालेला असतो. टँकरची वाट पाहणे हा अनुभव कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. सुटीलेखनाने कोकण आणि मराठवाडा यांच्यामध्ये हिरव्या-पिवळ्या रंगांची जी सीमा आखली आहे, ती मे महिन्यात विहिरीच्या तळाशी पुसली जाते. खिडकीला ती पुसलेली दिसत नाही, कारण विहीर रुळांच्या कडेला नसते.

खिडकीला न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे वाडी. दुरून एकसंध दिसणारा कौलारू ठिपका प्रत्यक्षात जातवार वाड्यांत विभागलेला असतो. माधव कोंडविलकर यांनी ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) या रोजनिशीवजा आत्मकथनात राजापूर तालुक्यातल्या अशा गावाचे आतून दर्शन घडवले आहे. रेल्वे आता त्याच तालुक्यातून जाते. प्रवासलेखक ज्या उतारावर नजर टाकून क्षणात पुढे जातो, त्याच मुलखातल्या एका गावात कोण कोठे राहायचे आणि कोणाच्या अंगणात थांबायचे, याचा हा लेखाजोखा आहे. हे पुस्तक वाचलेल्या माणसाला तोच उतार पूर्वीसारखा दिसणे शक्य नाही.

५

देशीवादी समीक्षेने प्रदेशाचा प्रश्न ऐरणीवर आणला, हे तिचे मोठेच श्रेय आहे. परंतु तिचा प्रदेश हा राहणाऱ्याचा प्रदेश आहे. जाणारा, येणारा, मधल्या बाकावर उभा असलेला माणूस तिच्या कोटींत नीट बसत नाही. ‘प्रादेशिक साहित्य’ राहणाऱ्याचे आणि ‘प्रवासवर्णन’ पाहुण्याचे, अशी वाटणी होऊन बसल्यामुळे रेल्वेतला बहुसंख्य प्रवासी दोन्हीकडून निसटला आहे.

मराठी परंपरेत मात्र याहून वेगळी शक्यता होती, आणि तिचा उगम हिंगोलीच्या वाचकाला परका नाही. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान याच जिल्ह्यातले नर्सी मानले जाते, त्या नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’च्या अभंगांत ज्ञानदेवांबरोबरचा प्रवास आहे. कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी त्या अभंगांची रचना लक्षणीय आहे. तेथे तीर्थे येतात आणि जातात, पण प्रवाशाचे मन मागे, पंढरीकडे वळलेले राहते. स्थळाचे मूल्य त्याच्या देखणेपणात नसून, जे सोडून आलो त्याच्याशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. चाकरमान्याचा प्रवासही नेमका याच घाटाचा आहे. फरक इतकाच, की तो कोणी लिहिलेला नाही.

सुटी हा दोष नव्हे. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या माणसाला समुद्र पाहावासा वाटला आणि त्याने तो डोळे भरून पाहिला, तर त्यावर समीक्षेने रुसण्याचे कारण नाही. हिंगोलीच्या कुटुंबालाही तो आनंद हवा असतो, आणि त्यासाठी ते आधी सारा घाटमाथा ओलांडून येते. प्रश्न आनंदाचा नसून निवेदकाच्या जागेचा आहे. खिडकीत दिसले ते आणि पुस्तकातून आणले ते यांत भेद न करणारा लेख प्रदेश दाखवत नाही. तो आधीच ठरलेल्या चित्राची प्रत काढतो. जो लेखक प्रामाणिकपणे लिहील की चिपळूण ते कणकवली समुद्र दिसला नाही, बोगद्यात स्वतःचाच चेहरा काचेवर दिसला आणि डब्यात उभी असलेली बाई पाच तास बोलली ती तिच्या बंद घराविषयी, त्याच्या लेखात कोकण प्रथमच येईल. तो लेख वसमतच्या वाचकालाही परका वाटणार नाही. समुद्र त्याच्या ओळखीचा नसला, तरी पोटासाठी गाडीत चढलेली आणि सणाला परत निघालेली माणसे त्याने आपल्या स्थानकावर पाहिलेली आहेत.