हाताजोगा कोयता

पालघर जिल्ह्याची कला म्हटली की वारली चित्रं डोळ्यांपुढे येतात. ते योग्यच आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे या चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच चित्रांत ताडावर चढणारा माणूस असतो. ज्या पात्याच्या जोरावर त्याचं काम चालतं, त्या पात्याची मात्र कुणी नीट समीक्षा केलेली माझ्या वाचनात नाही. चित्र बघून कळतं, पातं वापरून कळतं. एवढ्याचसाठी त्याला कलेच्या पंगतीबाहेर ठेवणं मला मान्य नाही.

कोयत्याची परीक्षा झाडावर होते. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या. एका हाताने झाड धरलेलं, दुसऱ्यात कोयता, पाय टेकायला जेमतेम जागा. तिथे घाव वाया घालवून चालत नाही. म्हणून चांगल्या कोयत्याचं वजन मुठीकडे नसतं, पुढे असतं. हाताने दिशा द्यायची, बाकीचं पातं करतं. चोच आत वळलेली, कारण तोडलेली फांदी ओढून घ्यायची असते; शिवाय जमिनीलगतचं झुडूप छाटताना दगड आधी चोचीला लागावा, धारेला नव्हे. पाठ जाड आणि धारेकडे उतरत गेलेली. हा उतार फार सपाट झाला तर पातं ओल्या लाकडात रुतून बसतं, फार उभा झाला तर घाव उसळतो. काम झालं की कोयता कमरेच्या आकडीत जातो आणि दोन्ही हात मोकळे होतात. उसाच्या फडातला रुंद, हलका कोयता इथे आणून बघा. तो वाईट नाही, पण त्याला झाड माहीत नाही.

चांगला कोयता कमानपाट्याचा, हे इथे कुणीही सांगेल. ट्रकच्या या पोलादात शेकडा अर्ध्याहून अधिक कार्बन असतो, म्हणून ते पाणी घेतं. ऐरणीवर आकार आला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पाणी देण्यात आहे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन ते विझवायचं. लोहाराकडे तापमापक नसतो, तो रंग बघतो. रंग उन्हात कळत नाही, म्हणून भट्टी सावलीत. अनुभवी हात फक्त धारेची बाजू बुडवतो, पाठ मऊ ठेवतो. विझलेली धार काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ असते, म्हणून ती पुन्हा हलकी तापवून ताठरपणा उतरवायचा. घासून उजळलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग सरकत येतो. भाजीच्या सुरीला पिवळ्यावर थांबलं तर चालतं. घाव झेलणाऱ्या कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जावं लागतं. थांबायची ही वेळ काही क्षणांची. लोहाराची सही मी तिथे शोधतो, पात्यावर ठोकलेल्या शिक्क्यात नाही.

माडी-ताडी काढणाऱ्यांच्या आऊताची परीक्षा याहून नाजूक. माडाच्या पोयीचा रोज पापुद्र्याएवढा काप घ्यायचा असतो. तिथे ताकद कामाची नाही. काप फाटला की रस नीट झरत नाही. झाडाला हे पातं कळतं, असं मी अगदी जबाबदारीने म्हणतो.

अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लेडस्मिथ सोसायटीची एक परीक्षा आहे. लोंबकळता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस भादरता यायला हवेत. शेवटी पातं शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं, ते तुटता कामा नये. कडक धार आणि लवचीक पाठ एकाच पोलादात आणणाऱ्या कारागिराला तिथे पदवी मिळते. आपल्याकडे तीच जोडी साधणारा माणूस रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसतो. घिसाड्यांच्या पालावर घण बहुतेकदा बाईच्या हातात असतो. पुरुष लहान हातोडीने जागा दाखवतो आणि ती नेमका तिथेच घण उतरवते. पात्याच्या जाडीतला एकसारखेपणा तिच्या मनगटातून आलेला असतो. त्याचं श्रेय तिला मिळायला हवं.

आजची स्थिती काळजीची आहे. बाजारात साच्याने कापलेले, रंग दिलेले कोयते टांगलेले दिसतात. ते स्वस्त आहेत, आणि घरी नारळ फोडायला पुरतात. पण त्यांची जाडी पाठीपासून धारेपर्यंत एकच. तारापूरच्या वसाहतीत स्टेनलेस पोलाद बनतं. भंगारातली चकचकीत पट्टी बघून मोह होतो. मात्र १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं भांड्यांचं पोलाद तापवून विझवलं तरी कडक होत नाही. लोहारांचाही दोष सांगितला पाहिजे. कानस सोडून ग्राइंडर घाईने चालवला की धार निळ्याच्याही पलीकडे तापून डागाळते. भट्टीत मिळवलेलं सगळं त्या डागात गेलेलं असतं. शेंबी बसवून लाकडी मूठ ठोकण्याऐवजी नळी वेल्ड केली की प्रत्येक घावाचा हादरा थेट कोपरापर्यंत येतो. मला ही कामचुकारी वाटत नाही, अपुऱ्या मजुरीचा हिशेब वाटतो. कोयता शेवटून, म्हणजे नवी धार काढून घेताना आपण चहाच्या दोन कपांवरून घासाघीस करतो.

त्यातच शहरातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी या अवजाराचं नाव खराब केलं. १९५९च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार करतानाही केवळ शेती-घरकामासाठी घडवलेली पाती वेगळी काढतात. कायद्याला जो फरक कळतो, तो बातमीतही दिसावा.

कोयता घडवून घ्यायला गेलात तर चांगला लोहार आधी किंमत सांगत नाही. तो विचारतो, कशासाठी हवाय, राबाला की काटेरी कुंपणाला? मग तुमची मूठ बघतो. आणि डावखुरे आहात का, हे विचारतो. विळा असेल तर धारेचा उतार एकाच बाजूला असतो, तो डावऱ्या हातासाठी उलटा काढावा लागतो. टांगलेल्या कोयत्या-विळ्यांच्या रांगेत डावऱ्या हाताचा विळा मला आजवर दिसलेला नाही.