सोडणे आणि सोपवणे : कुत्र्याच्या दुसऱ्या घराविषयी काही कथा

‘सोडणे’ आणि ‘सोपवणे’ ही मराठीतील दोन क्रियापदे उच्चाराने जवळची असली तरी त्यांच्या अर्थात मोठे अंतर आहे. ‘त्याने कुत्रा सोडला’ हे वाक्य कर्ता आणि कर्म एवढ्यावर पुरे होते. ‘त्याने कुत्रा सोपवला’ असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाकडे? सोपवण्याला घेणारा लागतो, आणि देणारा व घेणारा यांच्यामध्ये काही बोलणे झालेले असावे लागते. पाळलेला कुत्रा पुढे सांभाळणे अशक्य झाले म्हणजे माणसापुढे हेच दोन मार्ग उरतात. बदली, आजारपण, वाडा पाडून उभी राहिलेली सदनिका, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू, म्हातारपणी मुलाकडे जाऊन राहणे अशी त्याची अनेक कारणे असतात. आपल्यासारख्या जुन्या मराठी वस्त्यांत तर ती अलीकडे घरोघरी दिसतात. अशा वेळी साहित्य आपल्याला काय सांगते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभीच एक निरीक्षण नोंदवतो. कुत्र्यासंबंधीच्या बहुतेक प्रसिद्ध कथा निष्ठेच्या आहेत. धनी कुत्र्याला सोडत नाही किंवा कुत्रा धन्याला सोडत नाही, या दोन सूत्रांवर त्या उभ्या असतात. आपले मराठी ललित गद्यही या विषयात बहुधा दोन टोकांना राहिले. एका टोकाला पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ या लेखासारखा विनोद आहे, आणि दुसऱ्या टोकाला गेलेल्या कुत्र्यावरचे हळवे स्मरणलेख आहेत. जिवंत कुत्रा जिवंत माणसाच्या हातून दुसऱ्या जिवंत माणसाच्या हाती जातो, तो मधला प्रसंग मात्र लेखणीला फारसा रुचलेला नाही. त्यात मृत्यूचे गांभीर्य नाही आणि निष्ठेचा विजयही नाही, हे त्याचे कारण असावे. परिणामी, ज्याला हा निर्णय खरोखर घ्यावा लागतो त्याच्यापुढे आदर्श म्हणून एकच चित्र उभे राहते, ते म्हणजे स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी थांबलेला युधिष्ठिर. आणि त्या चित्रापुढे तो स्वतःला अपराधी ठरवतो.

म्हणून तो प्रसंग नीट वाचला पाहिजे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिलाला मारतात आणि सरमा राजाला शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन आलेला असताना युधिष्ठिर कुत्र्यावाचून रथात चढण्याचे नाकारतो. आश्रयाला आलेल्याला टाकणे हे त्याच्या लेखी महापातकांच्या पंक्तीतील पाप आहे. यावर इंद्र बिनतोड वाटणारा प्रश्न विचारतो : भावांना आणि द्रौपदीला तू वाटेत टाकून आलास, मग या कुत्र्याचाच एवढा आग्रह कशासाठी? युधिष्ठिराचे उत्तर असे, की ते मेलेले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते, जिवंत असताना मी त्यांना टाकलेले नाही.

या उत्तराकडे भाष्यकारांचे लक्ष गेलेले आहेच. परंतु त्याच पर्वाच्या प्रारंभीचा एक तपशील आपण या प्रसंगाशी जोडून वाचत नाही. निघण्यापूर्वी युधिष्ठिराने सगळ्यांची व्यवस्था लावलेली आहे. हस्तिनापूरच्या गादीवर परीक्षित, राज्याची देखरेख युयुत्सूकडे, परीक्षिताच्या शिक्षणाचा भार कृपाचार्यांकडे, इंद्रप्रस्थात वज्र, आणि या सर्वांची जबाबदारी सुभद्रेला समजावून दिलेली. अर्थात, युधिष्ठिर काहीच सोडू शकत नाही असे मुळीच नाही. राज्य आणि नातू, ज्यांच्यासाठी अठरा दिवसांचे युद्ध झाले, ते सारे त्याने सोडले. पण सोपवून सोडले. कुत्रा मात्र नंतर, वाटेवर सोबतीला आला. त्याला घ्यायला तेथे कोणी नव्हते. इंद्रानेही त्याच्यासाठी दुसरे घर सुचवलेले नाही. कुत्रा मागे ठेव आणि चल, एवढेच त्याचे म्हणणे होते. युधिष्ठिराने नाकारले ते हे मागे ठेवणे. उद्या कोणी हिमालयातला गुराखी ‘हा माझ्याकडे राहू दे’ म्हणून पुढे आला असता तर धर्मराजाने काय केले असते, हा प्रश्न महाभारत विचारत नाही. म्हणून या प्रसंगाचा दाखला देऊन ‘कुत्रा दुसऱ्याला दिलास म्हणजे धर्म बुडवलास’ असे कोणी म्हणू लागला, तर तो ग्रंथात नसलेले ग्रंथावर लादतो असे म्हणावे लागेल.

सोपवणे अशक्य झाले म्हणजे काय होते, याचे सर्वांत भीषण चित्र तुर्गेनेव्हच्या ‘मुमू’ या कथेत आहे. १८५२ साली स्थानबद्धतेत असताना त्याने ती लिहिली आणि १८५४ साली ती प्रसिद्ध झाली. मॉस्कोतील एका विधवा जमीनदारणीचा मुका-बहिरा भूदास गेरासिम नदीकाठच्या चिखलातून एक पिलू वाचवतो. त्याच्या तोंडून निघू शकणारा आवाज हेच त्या कुत्रीचे नाव होते. पुढे ती मालकिणीवर दात विचकते आणि तिला घालवून देण्याचा हुकूम सुटतो. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. घरातला नोकर स्तेपान मुमूला चोरून बाजारात नेतो आणि अर्ध्या रूबलला विकतो. विकताना घेणाऱ्याला तो एकच सूचना देतो, की हिला निदान आठवडाभर बांधून ठेव. ती काय खाते, कशाला घाबरते, कोणाची वाट पाहील, यातले काहीच नाही. व्यवहार पुरा झाला, सोपवणे झालेच नाही. मुमू दोरी तोडून परत येते. अखेर दुसरा हुकूम आल्यावर गेरासिम स्वतःच तिला खानावळीत पोटभर खाऊ घालतो, होडीत बसवतो आणि नदीत बुडवतो.

गेरासिमने तिला दुसऱ्या कोणाला का दिले नाही, निदान आपल्या गावी का नेले नाही, असा प्रश्न ही कथा वाचणाऱ्याला हमखास पडतो. कारण कुत्री मारल्यावर तो गावी निघून जातोच. काही वाचकांना हा कथेतला दोष वाटतो. मला ते कथेचे मर्म वाटते. सोपवण्यासाठी आधी काहीतरी आपले असावे लागते, आणि गेरासिम स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा आहे. शिवाय त्याला बोलता येत नाही. कुत्रीविषयी तो जे जाणतो ते दुसऱ्याला सांगण्याचे साधनच त्याच्यापाशी नाही. ज्याच्यापाशी हक्क नाही आणि शब्दही नाही, त्याच्या हातात ठेवणे आणि नष्ट करणे एवढेच उरते. या कथेत तुर्गेनेव्हने भूदासप्रथेवर जो आरोप ठेवला तो असा, की तिने माणसाकडून प्रेम करण्याची शक्ती काढून घेतली नाही, पण प्रेमाची नीट व्यवस्था लावण्याचा अधिकार काढून घेतला.

एरिक नाइट याच्या ‘लॅसी कम-होम’ (१९४०) या कादंबरीतील सॅम कॅराक्लो भूदास नाही, पण बेकार खाणकामगार आहे. यॉर्कशरमधील खाण बंद पडते, घरात पैसा नाही, आणि गावाला भूषण असलेली लॅसी तो ड्यूकला विकतो. तिचे स्कॉटलंडहून शेकडो मैलांचे परतणे जगप्रसिद्ध आहे. १९४३ च्या चित्रपटाने ते घरोघरी पोचवले. माझ्या मते कादंबरीतील खरा कसोटीचा प्रसंग त्याआधीच येऊन जातो. पळून आलेल्या लॅसीला बाप पोराकडूनच परत पाठवतो. विकलेली वस्तू आपली उरत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि तिला पिंजऱ्यात थांबण्याची आज्ञा ज्योने स्वतःच्या तोंडाने द्यायची आहे. एवढ्या कठीण जागी आल्यावर मात्र लेखक वाचकाला सोडवतो. दुष्ट रखवालदार हाइन्स, लांबचा प्रवास, आणि शेवटी ड्यूककडेच सॅमला मिळालेली नोकरी, यांमुळे कुत्राही राहतो आणि सचोटीही राहते. वाचनाचा आनंद पुष्कळ मिळतो. पण हाइन्स चांगला माणूस असता तर काय, हा खरा प्रश्न कादंबरीने टाळलेलाच आहे.

तो टाळला नाही चेखॉव्हने. १८८७ सालच्या त्याच्या ‘कश्तान्का’ या कथेत हरवलेल्या कुत्रीला खरोखरच चांगले घर मिळते. पहिला धनी लुका हा दारूबाज सुतार आहे, तो तिला किडामुंगीत जमा करतो. त्याचा पोरगा फेद्युश्का मांसाचा तुकडा दोऱ्याला बांधून तिला गिळायला लावतो आणि पुन्हा ओढून काढतो. नवा धनी सर्कशीतला विदूषक आहे. तो पोटभर खायला देतो, मारत नाही, शिकवतो, तिच्या हुशारीचे कौतुक करतो. सोबतीला हंस, मांजर आणि डुकरीण आहेत. महिनाभरात ती रुळते, ‘मावशी’ या अर्थाच्या नव्या नावाला ओ देऊ लागते. झोप लागताना जुन्या घरातली दोन माणसे तिला दिसतात, तीही धूसर होत जातात. आणि सर्कशीतल्या पहिल्याच खेळाला वरच्या सज्जातून ‘कश्तान्का’ अशी हाक येते. लोकांच्या हातांवरून ती वर पोचवली जाते आणि सुताराच्या मागून घरी चालू लागते. मधले सगळे तिला एखाद्या लांबलेल्या, गुंतागुंतीच्या स्वप्नासारखे वाटते.

ही कथा सामान्यतः आंधळ्या निष्ठेची म्हणून वाचली जाते. पण चेखॉव्हने येथे दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि एकीने दुसरी खोडू दिलेली नाही. पहिली ही, की कुत्रा रुळतो. आपल्यावाचून तो अन्न सोडेल, झुरून मरेल ही धन्याची समजूत बरीचशी स्वतःच्या महत्त्वाविषयीची असते. दुसरी ही, की घर ताटावरून मोजता येत नाही. विदूषकाने कश्तान्काला सगळे दिले, पण तिच्याविषयी त्याला कोणीच काही सांगितलेले नव्हते, तिचे नावसुद्धा नाही. तिचा मागचा काळ तिच्याबरोबर नव्या घरात आलाच नाही. तो सुताराच्या सरस-वार्निशाच्या वासात आणि एका हाकेत मागे राहिला, आणि ती हाक आली तेव्हा तिच्यापुढे महिनाभराची सगळी माया फिकी पडली. विदूषकाकडे ती सापडून आली होती, सोपवून आली असती तर काय झाले असते, असा विचार वाचकाने करावा यासाठी कथेत पुरेशी जागा आहे.

घेणाऱ्याची बाजू अलीकडच्या एका कादंबरीत आली आहे. सिग्रिड नुनेझ यांच्या ‘द फ्रेंड’ला २०१८ साली अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. निवेदिकेचा लेखक मित्र आत्महत्या करतो आणि त्याची तिसरी पत्नी त्याचा थोराड, वयस्क ग्रेट डेन तिने न्यावा असे सुचवते. निवेदिकेच्या न्यूयॉर्कमधील लहानशा घराच्या भाडेकरारात कुत्र्याला मनाई आहे. त्याहून मोठी अडचण ही, की मित्राने तिला याविषयी कधी विचारलेलेच नव्हते. ज्याने शब्दांवर आयुष्य काढले त्याने या मुक्या सोबत्याविषयी आवश्यक तेवढेही शब्द मागे ठेवू नयेत, हा विरोधाभास नुनेझ संयमाने हाताळतात. तरीही येथे सोपवणे हळूहळू घडते, ते घेणारीच्या बाजूने. त्या मुक्या दुःखाशी ती आपले दुःख जुळवून घेते. म्हातारा कुत्रा पुन्हा जीव लावू शकतो आणि त्याला जीव लावणारे माणूसही सापडू शकते, एवढे ही कादंबरी पटवते.

आपला कायदाही येथे ‘सोडणे’ एवढेच जाणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा सबळ कारणावाचून, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा ठरवतो. पहिल्या गुन्ह्याला मूळ तरतुदीत दहा ते पन्नास रुपये दंड आहे. गावाबाहेर गाडी थांबवून दार उघडणाऱ्याला ही रक्कम परवडते. सोपवण्याची रीत कायद्याने शिकवायची नसतेच, ती संस्कृतीने आणि साहित्याने शिकवायची असते. मांजर पोत्यात घालून लांब सोडून येण्याची चाल आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सोपवण्याची चाल मात्र आपण मुलगी, ठेव आणि देवाची पूजा यांच्यापुरतीच ठेवली.

या कथा एकत्र वाचल्यावर माझ्या मनात जो निष्कर्ष उरतो तो असा. युधिष्ठिराचा निकष हा, की जिवंताला टाकायचे नाही. तुर्गेनेव्ह दाखवतो, की शब्द आणि अधिकार नसेल तर प्रेमाचाही घात होतो. चेखॉव्ह दाखवतो, की नवे घर चांगले असणे पुरत नाही, जुन्या घराने काही बरोबर द्यावे लागते. ज्याच्यापाशी हे शब्द आणि हा अधिकार आहे, त्याने ते वेळेवर वापरले पाहिजेत. आपले हातपाय चालत आहेत तोवर घेणारा शोधावा, त्याच्या घरी कुत्र्याला दोनचारदा नेऊन आणावे, नाव बदलू नका म्हणून सांगावे, फटाक्यांना भितो, उजवा कान दुखरा आहे, रात्री दाराशी निजतो, हे सगळे सांगावे. अंथरुणाची जुनी चादर बरोबर द्यावी. आणि तो तिकडे रुळला असे कळले तर त्यात आपला विसर पडल्याचे दुःख मानू नये. ‘मी त्याला कधीच देणार नाही’ असे म्हणत म्हातारपणी काहीच व्यवस्था न करणारा माणूस युधिष्ठिराचा वारसा सांगतो खरा, पण त्याच्या मागे तो कुत्रा दारोदार होतो. निष्ठेच्या कथांनी आपल्याला रडवले, ते त्यांचे सामर्थ्य आहे. आता मराठीत कोणीतरी सोपवण्याची कथा लिहावी. तिच्यात मृत्यू नसेल, चमत्कारिक पुनर्भेट नसेल, एक माणूस दुसऱ्याला एका मुक्या जिवाच्या सवयी सांगत बसलेला असेल. ती कथा वाचून एखादा कुत्रा जरी पोत्याऐवजी माणसाच्या हाती गेला, तरी ती लिहिल्याचे सार्थक होईल.